प्रिबिल टेंगूळ

व्हिएन्नात माणूस निवृत्त होतो, त्याची पदवी होत नाही. होफ्राट ओटोकार प्रिबिल यांना हे पक्कं ठाऊक होतं, तरी शुक्रवारचा निरोपसमारंभ जवळ आला तसे ते जाणाऱ्या वस्तू मोजू लागले. खुर्ची जाणार, खिडकीजवळचं टेबल जाणार, दारावरची पितळी पाटी कुणीतरी स्क्रू काढून हातात ठेवणार. होफ्राट ही सरकारी पदवी मात्र एकदा मिळाली की मिळाली. खाटीक मांस तोलताना 'हेर होफ्राट' म्हणतो, दातांचा डॉक्टर दाढ उपटताना 'हेर होफ्राट, आ करा' म्हणतो, आणि होफ्राटांच्या बायकोने जन्मात एक सरकारी कागद हलवलेला नसला तरी अख्खी गल्ली तिला 'फ्राऊ होफ्राट' म्हणते.

पण होफ्राट काय, शहरात पैशाला पासरी. टेंगूळ मात्र एकट्या प्रिबिलांचं होतं.

ते असं. लांबच्या ताऱ्यांच्या स्फोटांतून सुटलेली अणुकेंद्रं अंतराळात भन्नाट वेगाने उंडारत असतात. त्यातलं लोखंडाचं एखादं धूड यानाच्या ॲल्युमिनिअमच्या भिंतीवर आदळलं की त्याचा चिवडा होतो, आणि तो चिवडा आत बसलेल्या माणसाच्या हाडामांसातून आरपार जातो. कुठल्या वेगाला किती चिवडा, हे कळल्याशिवाय भिंत किती जाड करायची ते ठरत नाही. जगभरच्या प्रयोगशाळा हे मोजतात आणि त्याचे आलेख छापतात. त्या आलेखांवरचे बिंदू एकेक करून वाचायचे आणि जगाच्या सामाईक कोष्टकात भरायचे, हे काम प्रिबिलांच्या केंद्राचं. शहराच्या नवव्या विभागातल्या उताराच्या गल्लीत हे केंद्र आहे. तळमजल्यावर बुटांचे तळवे बदलून मिळतात, वरच्या मजल्यावर अणुकेंद्रांचा हिशेब.

चाळीस वर्षांपूर्वी, प्रिबिलांच्या डोक्यावर केस होते तेव्हा, समुद्रापलीकडून असाच एक आलेख आला. छापील लेखात तो टपालाच्या तिकिटाएवढा होता, म्हणून केंद्राच्या पद्धतीप्रमाणे मूळ मोठा कागद मागवला होता. सगळे बिंदू मुकाट्याने सपाट रांगेत चालले होते आणि मधेच एक टुणकन उडी मारून वर बसला होता. आता, आलेखावरच्या प्रत्येक बिंदूला एक उभी रेघ असते. तिला केंद्रात चुकीची दांडी म्हणत. मोजणारा त्या दांडीने कबूल करतो की बाबांनो, माझं एवढं इकडेतिकडे झालं असेल. जितकी दांडी लांब, तितका माणूस आपल्या अज्ञानाबद्दल प्रामाणिक. आणि या उडी मारलेल्या बिंदूला दांडीच नव्हती!

दुसरा कुणी असता तर चक्रावला असता. प्रिबिलांनी मात्र त्यावर जाडजूड निबंध लिहिला. हे मोजमाप इतकं अचूक आहे की त्यात चूक मावायला जागाच नाही, असं त्यांनी सिद्ध केलं आणि त्या ठरावीक वेगाला लोखंडाचा चिवडा दुपटीने का होतो, याचं सिद्धांतासकट कारणही दिलं. ज्याने मूळ प्रयोग केला तो गृहस्थ तोवर अणुकेंद्रं सोडून द्राक्षाच्या मळ्यात रमला होता. प्रिबिलांनी खुलासा विचारला तर त्याने उत्तरादाखल लाल दारूची बाटली पाठवली. ती प्रिबिलांनी होकार समजून प्यायली. पुन्हा मोजावं असं कुणाला वाटलं नाही, कारण त्या यंत्रांवर वेळ मिळवायला वर्षानुवर्षं रांग लावावी लागते आणि सिद्ध झालेली गोष्ट मोजायला रांगेत कोण उभा राहतो? आलेखावरच्या त्या उंचवट्याला 'प्रिबिल टेंगूळ' हे नाव पडलं. त्यावर परिषदा झाल्या, पोरांना पदव्या मिळाल्या.

व्हिएन्नातली माणसं मरणाची तयारी लग्नासारखी हौसेने करतात. प्रिबिलांनीही मोठ्या दफनभूमीत कोपऱ्याची जागा घेऊन काळ्या ग्रॅनाइटचा दगड उभा करून ठेवला होता. वर पदवी, मधे नाव, आणि त्यावरून जाणारी ती वक्ररेषा, टेंगळासकट. मृत्यूची तारीख तेवढी कोरायची राहिली होती. त्यांची बायको हेडविग हिला दगडावर देवदूत हवा होता, पण टेंगळापुढे देवदूताला जागा उरली नाही. रविवारी दोघं जाऊन दगड पुसून यायची. प्रिबिल टेंगळावरून हात फिरवायचे तेव्हा त्यांना मरणाची भीती वाटत नसे. नातवंडं नव्हती, जगात आपल्यामागे राहील असं त्यांचं एवढंच होतं.

अशात बुधवारी डॉक्टर मार्लीस ट्राटनिग त्यांच्या दारात उभी राहिली. ही बाई केंद्रात नवीन, आणि दक्षिणेकडच्या करिंथिया प्रांतातली. तिकडे माणसं सरळ बोलतात. व्हिएन्नात हा आजार समजतात. चंद्राभोवती राहणाऱ्या नव्या यानाच्या भिंतींसाठी जगाचं कोष्टक शुक्रवारी शिक्का मारून जायचं होतं. त्याआधी जुने बिंदू मूळ कागदावरून पुन्हा वाचायचं काम तिच्याकडे होतं.

"हेर होफ्राट, एक अडचण आहे. तुमचा बिंदू हलतोय."

"कोष्टकात?"

"नाही. कागदावर. बोटाने."

प्रिबिलांनी चष्मा वर केला. "बिंदू हलत नसतात, फ्राऊ डॉक्टर. बिंदू असतात."

"हा असतोही आणि हलतोही. बघा." तिने कागद टेबलावर ठेवला आणि पेन्सिलीच्या टोकाने टेंगूळ हळूच ढोसलं. ते एका बाजूने उचललं गेलं.

"हात लावू नका!"

"मी शिंकले तरी जाईल हो ते. म्हणून तर रुमाल नाकाला धरून जिना चढले."

"जुनी शाई अशीच गोळा होते," प्रिबिल म्हणाले.

"मीही आधी तेच म्हटलं. मग भिंग लावलं. शाईवर जाळी नसते."

प्रिबिलांनी भिंगातून पाहिलं. त्यांचा अचूक, दांडीविरहित, सिद्धांतसिद्ध बिंदू मूत्रपिंडाच्या आकाराचा होता आणि त्याच्या पाठीवर मधमाशांच्या पोळ्यासारखी नाजूक नक्षी होती. त्यांनी भिंग खाली ठेवलं. पुन्हा उचललं. पुन्हा ठेवलं.

"खसखस आहे," ट्राटनिग म्हणाली. "श्ट्रुडलातली. आणि खाली डाग आहे ना, ती साखर."

इथली खसखस काळीभोर असते. ती वाटून, साखर घालून, पातळ पिठाच्या पोळीत गुंडाळून भाजली की त्याचा श्ट्रुडल होतो. असा श्ट्रुडल बुधवारच्या बुधवारी हेडविग नवऱ्याला डब्यात देई, आणि प्रिबिल तो आलेख वाचता वाचता टेबलावरच खात. खोलीत भिंतीवर 'टेबलावर खाण्यास सक्त मनाई' अशी पाटी होती. ती प्रिबिलांनीच लावली होती, इतरांसाठी. त्या दिवशीही डबा उजव्या हाताला उघडाच होता. प्रिबिलांनी घाईघाईने झाकण लावलं.

"शुक्रवारी कोष्टक जायच्या आत सांगायला हवं," ट्राटनिग म्हणाली.

"कुणी?"

"तुम्ही. मी सांगितलं तर लोक म्हणतील, काल आलेल्या बाईने म्हाताऱ्याचं निरोपाच्या दिवशी वाटोळं केलं. तुम्ही सांगितलंत तर म्हणतील, शास्त्रज्ञ आहे."

"आणि कुणीच सांगितलं नाही तर?"

"मग मीच सांगेन, हेर होफ्राट. मला वाईट वाटेल. पण सांगेन."

तिला खरंच वाईट वाटत होतं, तिचे कान लाल झाले होते. त्यामुळे प्रिबिलांना तिच्यावर धड चिडताही येईना. "मी तपासतो," एवढंच म्हणून त्यांनी कागद काढून घेतला.

घरी येऊन त्यांनी काय तपासलं ते सांगायला लाज वाटते, पण सांगतो. त्यांनी स्वयंपाकघराचं दार लावलं, हेडविगचा जर्दाळूचा मुरांबा उघडला, तिच्या भुवया कोरायच्या चिमट्याने टेंगूळ उचललं आणि मुरांब्याच्या थेंबावर पुन्हा चिकटवायला घेतलं. तेवढ्यात दार उघडलं.

"ओटोकार, माझ्या मुरांब्यात माझा चिमटा घालून काय चाललंय?"

"शास्त्र."

"मग तोंड असं कावळ्याने चोच मारल्यासारखं का झालंय?"

बायकोपुढे प्रिबिलांचा होफ्राटपणा कधी टिकला नव्हता. त्यांनी सगळं सांगून टाकलं. हेडविगने भिंग घेतलं, कागद पाहिला आणि ती हसायला लागली. आधी उभ्याने हसली, मग ओट्याला धरून हसली, मग स्टुलावर बसून डोळे पुसत हसली.

"म्हणजे चाळीस वर्षं हे सगळे टाय लावलेले पुरुष माझ्या श्ट्रुडलवर व्याख्यानं झोडत होते?"

"त्याला प्रिबिल टेंगूळ म्हणतात, हेडविग."

"मग मी कोण आहे? मीसुद्धा प्रिबिलच! माझंच टेंगूळ झालं की ते! आणि मला मेलीला त्या परिषदांमध्ये बायकांबरोबर बोटीतून फिरायला पाठवायचास."

"हसू नकोस गं. दगडावर कोरलंय ते."

"तेव्हाच सांगत होते, देवदूत कोर. देवदूत कधी चुकीचा निघत नाही." मग तिचं हसू ओसरलं. तिने चिमटा धुऊन पुसला. "आणि या दाण्यावर कुणाच्या तरी भिंती बांधतात ना रे?"

प्रिबिलांनी बोटाने दाणा मुरांब्यात दाबून बसवला. त्यांना राग आला होता, आणि तो कुणावर काढावा ते कळत नव्हतं. खसखशीवर चिडून माणूस किती चिडणार?

शुक्रवारी सकाळी त्यांनी कागद ट्राटनिगच्या टेबलावर ठेवला. "काही हलत नाही," असं ते छताकडे बघत म्हणाले. ट्राटनिगने मोजपट्टी लावली. पुन्हा लावली.

"हेर होफ्राट."

"काय?"

"टेंगूळ वाढलंय."

चिकटवताना ते वर सरकलं होतं. आता त्या हिशेबाने लोखंडाचा चिवडा तिपटीने होत होता आणि त्याला जर्दाळूचा वास येत होता. प्रिबिलांनी तिच्या हातातून कागद घेतला, गुंडाळी केली आणि कोटाच्या आतल्या खिशात घातली. "संध्याकाळपर्यंत वेळ आहे," ते म्हणाले. ट्राटनिगने मान डोलावली.

समारंभाला सभागृह गच्च भरलं. टेंगळावर पदवी मिळवलेले पहिल्या रांगेत बसले होते. हेडविगने दोन पराती श्ट्रुडल करून आणला होता, आणि प्रिबिलांना शंका होती की तिने मुद्दाम खसखशीचाच केला आहे. कोष्टक निळ्या फितीत बांधून मंचावर ठेवलं होतं, शेजारी शिक्का. प्रिबिलांनी मनाशी ठरवलं होतं: आभार मानायचे, शिक्का मारायचा, घरी जायचं. पुढे ती बाई जे काय सांगायचं ते सांगो. म्हातारा माणूस घरी गेलेला असेल, कानावर उशी घेऊन.

तेवढ्यात पाहुणी बोलायला उठली, आणि उठतच राहिली. फेरोनिका प्लोनर, टिरोलच्या डोंगरातली, त्या नव्या यानातून जाणारी अंतराळवीर. ताडमाड उंच, हात लांब केला तर दिव्याला लागेल अशी.

"हेर होफ्राट, मी भाषण वगैरे करत नाही," ती म्हणाली. "मला फक्त आभार मानायचेत. तुमच्या टेंगळामुळे आमच्या झोपायच्या खणाच्या भिंती किती जाड झाल्यात, दाखवू?"

तिने मंचावरच्या दोन खुर्च्या समोरासमोर ओढल्या आणि मधल्या फटीत अंगाची घडी करून घुसली. गुडघे कानांना लागले. "अशी झोपणार मी. वर्षभर," ती गुडघ्यांमागून म्हणाली. "आणि भिंतीचं वजन वाढलं म्हणून भट्टी काढून टाकली, तेव्हा भाजलेलं काही मिळणार नाही. नळीतली पेस्ट चोखायची. आई म्हणाली, जाऊ नकोस. मी म्हटलं, अगं, व्हिएन्नात एक होफ्राट आहेत, त्यांनी चाळीस वर्षांपूर्वीच माझी काळजी करून ठेवलीय. त्यावर आई गप्प झाली."

लोकांनी टाळ्या वाजवल्या. ती खुर्च्यांमधून सुटेना, तेव्हा दोघांनी तिला ओढून काढलं. मग ती खाली आली आणि श्ट्रुडलचा तुकडा तोंडात घालून डोळे मिटून उभी राहिली. "हे मात्र आठवणार हो," ती हेडविगला म्हणाली. तिच्या ओठाला खसखशीचा एक दाणा चिकटला होता.

प्रिबिल त्या दाण्याकडे बघत राहिले. आकार तोच, रंग तोच. यालाही दांडी नव्हती. आणि त्यांना एकदम स्वतःची इतकी शरम वाटली की मानेपासून टाळूपर्यंत लाल झाले. ही पोरगी त्यांच्या भरवशावर आईला गप्प करून निघाली होती!

ते मंचावर चढले. खिशातून कागद काढला.

"हे प्रिबिल टेंगूळ," ते म्हणाले, आणि त्यांनी नखाने ते खरवडून बोटाच्या टोकावर घेतलं. "ही खसखस आहे. माझ्या बायकोच्या श्ट्रुडलातली. टेबलावर खाऊ नये अशी पाटी मी लावली होती आणि टेबलावर मीच खात होतो. बाकी जे काही या टेंगळाबद्दल मी लिहिलं, ते सगळं या दाण्याबद्दल आहे." बोलून झालं, आणि बोट तर वर धरलेलं. त्यांनी ते तोंडात घातलं आणि टेंगूळ खाल्लं.

"हेर होफ्राट!" ट्राटनिग मागून ओरडली. "पुरावा होता तो!"

"होता," प्रिबिल म्हणाले. "जरा खवट झालाय."

पहिल्या रांगेतल्या एकाने डोक्याला हात लावला, दुसऱ्याने आपली पदवी किती सालची ते आठवून पाहिलं. मग मागच्या बाजूला हेडविगला हसू आवरेना, आणि बघता बघता सभागृहभर खसखस पिकली.

"म्हणजे," प्लोनर हसण्याच्या वर आवाज काढून म्हणाली, "मला पाय पसरता येतील?"

प्रिबिलांनी ट्राटनिगकडे पाहिलं.

"पुन्हा मोजून मगच सांगता येईल," ट्राटनिग म्हणाली. "बाकीचे बिंदू खरे असतील तर येतील. वजन नको तिथे लावलं की हवं तिथे कमी पडतं, तेही बघावं लागेल. यंत्रावर आठवडाभर वेळ मिळायला हवा."

"रांगेत मी उभी राहते," प्लोनर म्हणाली. "मला कुणी मागे ढकलत नाही."

प्रिबिलांनी कोष्टकाची निळी फीत सोडली, टेंगळाचं पान काढलं आणि शिक्का न मारताच खाली उतरले. ट्राटनिगने त्यांचा कोट धरला. तिच्या डोळ्यांत पाणी होतं, पण करिंथियाची असल्यामुळे ती म्हणाली, "कागदावरचा मुरांबा तेवढा पुसून द्या."

यंत्रावर वेळ मिळाला, मोजमाप झालं. त्या जागी सपाट रांगच होती, कुठे उंचवटा नाही की खळगा नाही. भिंत पातळ झाली, भट्टी परत बसली. प्लोनरने चंद्राजवळून एक फोटो पाठवला. त्यात फक्त तिचे पाय होते, लांबलचक पसरलेले. हेडविगने तो स्वयंपाकघरात लावला.

त्यानंतरच्या रविवारी प्रिबिलांनी पाथरवट क्राटोखविल याला दफनभूमीत बोलावलं. क्राटोखविलने दगडाभोवती एक फेरी मारली आणि छिन्नी काढली.

"टेंगूळ तासून टाकू ना, हेर होफ्राट? मग त्या जागी देवदूताचंही जमेल."

हेडविगने आशेने नवऱ्याकडे पाहिलं.

"नको," प्रिबिल म्हणाले. "राहू दे. त्याला दांडी काढ."

"कसली दांडी?"

"उभी रेघ. चुकीची दांडी म्हणतात तिला."

"केवढी काढू?"

"वरपासून खालपर्यंत. दगड आहे तेवढी."

क्राटोखविलने दोरी धरली, खडूने रेघ आखली आणि डोकं खाजवलं. "हेर होफ्राट, ही तुमच्या नावावरून जातेय. नाव कापलं जाईल."

प्रिबिलांनी खडूच्या रेघेवरून बोट फिरवलं. हेडविगने त्यांच्या दंडात हात घातला.

"जाऊ दे नावावरून," ते म्हणाले.

क्राटोखविलने छिन्नी टेकवली, पहिला घाव घातला, आणि पुन्हा मागे वळला. "आणि वर 'होफ्राट' लिहिलंय, त्याच्यावरून?"

"वेडा आहेस का?" प्रिबिल ओरडले. "तिथे वळसा घाल."